खसखशीचं दूध

जर्मनीत शेजारधर्म म्हणजे दुसऱ्याचं पार्सल घेणं. बाकी काही करू नका. साखर मागायला जाऊ नका, दार उघडं दिसलं म्हणून डोकावू नका, 'आज काय केलंत जेवायला?' असं तर चुकूनही विचारू नका. पण पार्सलवाला आला आणि शेजारी घरी नसला, की सही करून खोकं आत घ्या. मी घरून काम करते, म्हणजे दिवसभर सापडते, त्यामुळे एर्लांगेनमधल्या आमच्या छोट्या इमारतीचं मी बिनपगारी पोस्ट ऑफिस झाले होते.

आमच्या खालच्या मजल्यावरची मला अशीच भेटली, खोक्यांमधून. आधी कुबड्या आल्या. मग गुडघ्याभोवती गार पाणी फिरवणारं एक यंत्र आलं. मग रबरी पट्टे, मग आणखी रबरी पट्टे. मला वाटलं, कुणी आजीबाई राहायला आल्या असणार. म्हणून चेहऱ्यावर सगळी सहानुभूती गोळा करून मी खाली गेले, तर दारात जवळजवळ सहा फुटांची, तिशीतली, पिवळ्याधमक केसांची मुलगी एका पायावर उभी. हातातलं खोकं आणि चेहऱ्यावरची सहानुभूती, दोन्ही कुठं ठेवावं मला कळेना.

ती आइसलँडची. जवळच्या एका गावातल्या क्लबाकडून दुसऱ्या श्रेणीत फुटबॉल खेळायची, बचावफळीत, डाव्या बाजूला. उजवा गुडघा दुसऱ्यांदा कामातून गेला होता आणि नुकतंच ऑपरेशन झालं होतं. "आता पुन्हा कधी खेळणार?" मी विचारलं. "लवकरच," ती म्हणाली. पुढं वर्षभर तिचं उत्तर हेच राहिलं. क्लबाच्या कोचबाईंनी मात्र तिला साफ सांगितलं होतं: पुढच्या मे महिन्यात हंगाम संपेल, त्याच्या आत एक तरी सामना खेळून दाखव, मग करार वाढवायचं बघू. नाही जमलं, तर नारळ.

आम्ही घरात तिला 'खालची' म्हणायचो. तिचं खरं नाव आमच्या तोंडात बसत नव्हतं, आणि आमची नावं तिच्या. त्यामुळे कुणाचीच काही तक्रार नव्हती.

आता गंमत अशी, की माझा धंदाच गुडघ्यांचा. शरीराच्या आतली चित्रं काढणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मी सॉफ्टवेअर लिहिते. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची एक गादी असते. चित्रात ती कुठून कुठपर्यंत आहे, हे कॉम्प्युटरला शिकवणं हे माझं काम. दिवसभर मी करडे गुडघे बघते. खरा गुडघा म्हणाल तर माझाच, तोही टेबलाच्या पायाला आपटला की आठवतो. हे सगळं मी खालचीला पहिल्याच भेटीत सांगून बसले. माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं माझी आई लग्नाच्या बैठकीतच सांगायची, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको.

फेब्रुवारीत सासूबाई आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सासूबाई रत्नागिरीच्या. शाळेत खेळाच्या बाई होत्या, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण पर्समध्ये शिट्टी अजून असते. तिन्हीसांजेला देवापुढं दिवा आणि सकाळी उठाबशा, यात खंड नाही. एवढ्या बाईच्या पोटी माझा नवरा आला, ज्याला चेंडू अंगावर आला तर 'सॉरी' म्हणायची सवय आहे. त्याचे दोनच गुण: स्वभावानं गरीब आहे, आणि चहा उत्तम करतो. आमच्या घरात चहा तोच करतो. माझा चहा एकदा प्यायलेला माणूस दुसऱ्यांदा मागत नाही.

सासूबाईंनी डिंकाचे लाडू आणले होते, मोठा डबा भरून. थेट फ्रँकफुर्टला उतरल्या म्हणून बरं. लाडवात खसखस भरपूर, आणि दुबईमार्गे आल्या असत्या तर खसखशीपायी तिथल्याच विमानतळावर अडकल्या असत्या. आता डिंकाचे लाडू द्यायचे बाळंतिणीला, नाहीतर हाडं दुखणाऱ्याला. आमच्या घरात बाळंतीण नव्हती आणि सासूबाईंना ते दिसतच होतं. आल्यापासून दोन दिवस त्या डबा मांडीवर घेऊन गिऱ्हाईक शोधत असल्यासारख्या बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी आइसलँडहून खालचीचं पार्सल आलं. मी नेहमीप्रमाणे सही करून आत घेतलं आणि पाच मिनिटांत घरभर वास सुटला. मी खिडक्या उघडायला धावले. सासूबाई नाक वर करून खोलीतून बाहेर आल्या.

"काय गो, हे कुणाचे बोंबील?"

बोंबील नव्हते. तिच्या देशातला कुठलासा सुकवलेला मासा होता. पण सासूबाईंना परदेशात आपलं माणूस सापडलं होतं. त्यांनी एका हातात ते पार्सल, दुसऱ्या हातात लाडवांचा डबा घेतला आणि जिना उतरायला लागल्या. मागोमाग मी. खालचीनं दार उघडलं, सासूबाईंनी पार्सलाकडं बोट दाखवून मिटक्या मारल्या, आणि पुढच्या दहा मिनिटांत दोघी स्वयंपाकघरात बसून सुक्या माशाला लोणी लावून खात होत्या. सासूबाईंना ना जर्मन येत होतं, ना इंग्रजी. तिला मराठी कुठून येणार? तरी दोघी तासभर बोलल्या. अधूनमधून मी भाषांतर करायला तोंड उघडलं की दोघीही मला हातानंच गप्प करत.

मग सासूबाईंनी तिच्या गुडघ्यावरची दोन लांब व्रणांच्या रेघा बघितल्या आणि डबा उघडला.

खालचीचे डोळे चमकले, पण हात पुढं आला नाही. "यात काय काय आहे? सगळं सांग," ती मला म्हणाली. मी सांगत गेले: खारीक, खोबरं, बदाम, गूळ, तूप, डिंक. डिंक म्हणजे झाडाचा चीक, हे ऐकूनही ती डगमगली नाही. आणि खसखस. खसखशीला इथं मोन म्हणतात, तिचे केक करतात, त्यामुळे तो शब्द मला पटकन सापडला. मोन म्हटल्याबरोबर तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले.

खसखस ज्या बोंडातून येते त्याच बोंडातून अफू येते. खेळाडूच्या पोटात खसखस गेली आणि सामन्यानंतर लघवीची तपासणी झाली, तर त्यात अफूचा अंश सापडू शकतो, आणि मग कितीही लाडू लाडू म्हणून ओरडा. "पण तू तर सध्या खेळतच नाहीस," मी म्हटलं. कुलूप नाही, सांगितलंच आहे.

ती रागावली नाही. म्हणाली, "आल्झो, म्हणजे कसं, डॉक्टरही तेच म्हणतो. सामना नसेल तर खाल्लं तरी चालेल. पण मी रोज सकाळी असं धरते की परवा सामना आहे. एकदा पेशंटसारखं खायला लागले की मी पेशंट."

मी घाबरत घाबरत हे सासूबाईंना सांगितलं. आमच्याकडं लाडू नाकारला की तीन पिढ्या आठवण काढतात. पण सासूबाईंनी डबा बंद केला आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "शिस्त आहे पोरीला! तिला सांग, डबा इथंच ठेव. सामना खेळलीस की खा. डिंकाच्या लाडवाला काही होत नाही." तो डबा खालचीच्या फ्रिजवर जाऊन बसला. लाडवाऐवजी सासूबाईंनी हळदीचं दूध मंजूर करून घेतलं. रोज सकाळी व्यायाम झाला की साडेसातला खालची वर यायची, मोठा मग भरून दूध प्यायची आणि आभाराचं 'डांकं' आणि आम्ही म्हणतो तसं 'आई' जोडून "डांकं, आई" म्हणून जायची.

मार्चमध्ये ऊन पडायला लागलं आणि मागच्या अंगणात दोघींची शाळा भरायला लागली. खालची बचाव करते म्हटल्यावर सासूबाईंनी एका वाक्यात तिचं स्थान ठरवून टाकलं: "म्हणजे ही डावा कोपरा. माझ्यासारखी." सासूबाई तरुणपणी कबड्डी खेळायच्या, आणि कोपऱ्यावर उभं राहून घोटा धरण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं, असं त्या सांगतात. आता इतक्या वर्षांनी साक्षीदार कुठून आणायचे? नियम असा ठरला, की सासूबाई चढाई करणार, खालचीनं दुखरा पाय जागचा हलवायचा नाही, फक्त हात आणि कंबर वापरायची, आणि सासूबाईंचा घोटा धरायचा. पंजाबी ड्रेस आणि माझे पांढरे बूट घालून सहासष्ट वर्षांची बाई "कबड्डी कबड्डी कबड्डी" करत आत घुसायची, खालचीच्या खांद्याला टपली मारायची आणि रेषेपलीकडं पळायची. खालचीच्या हातात दर वेळी गवत. ती खदाखदा हसायची आणि पुन्हा बसायची.

हे सगळं रविवारी दुपारी. रविवारी दुपारी जर्मनीत बाटल्या कचऱ्यात टाकायच्या नसतात, गवत कापायचं नसतं, हातोडी मारायची नसते. कबड्डीबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं, पण ते कुणाला सुचलंच नव्हतं म्हणून. तळमजल्यावरचे आजोबा बाहेर आले. हातात इमारतीच्या नियमांचा छापील कागद. मी माफीची वाक्यं जुळवत पुढं झाले. आजोबांनी थोडा वेळ खेळ बघितला, सासूबाई पळून रेषेपलीकडं गेल्या, आणि आजोबा म्हणाले, "पण रेषा आहे कुठं?" सासूबाई पायानं गवतावर ओढायच्या तीच रेषा. आजोबांना ते काही पटलं नाही. ते आत गेले आणि टेप, दोरी आणि दोन खुंट्या घेऊन आले. त्या दिवसापासून आमच्या अंगणात कबड्डीचं मोजूनमापून आखलेलं मैदान होतं, आणि आजोबा खुर्ची टाकून पंच.

असे ते दिवस. मी खिडकीतून बघायची आणि कॉम्प्युटरवर करड्या गुडघ्यांवर रेघा मारायची. मला वाटायचं, होणार हिचं. सरळ रेषेत ती छान पळायला लागली होती. वळताना जरा थांबायची, इतकंच.

एप्रिलच्या मध्यावर ती संध्याकाळी वर आली. हातात सीडी होती. इथं गुडघ्याची चित्रं अजून सीडीवर देतात आणि सीडी घालायला कुणाच्याही लॅपटॉपला फट नसते. नवऱ्यानं माळ्यावरून त्याचा कॉलेजचा लॅपटॉप काढला. तो चालू व्हायला इतका वेळ लागला की तेवढ्यात सासूबाईंनी कांदेपोहे केले. खालची म्हणाली, "क्लबाचा डॉक्टर परवा सांगणार आहे. पण तू दिवसभर हेच बघतेस. तूच आधी सांग."

चित्र उघडलं. मी डॉक्टर नाही, हे मी शपथेवर सांगते. पण हाडाच्या कडेनं जी उजळ रेघ असायला हवी, तिच्यावर रोज आठ तास माझं पोट चालतं. ती रेघ बाहेरच्या बाजूनं निघाली, मध्यापर्यंत आली, आणि आतल्या बाजूला नव्हती. मी पुढचं चित्र काढलं. त्याच्या पुढचं काढलं. नव्हतीच. हाडावर हाड.

ती माझ्याकडं बघत होती, पडद्याकडं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाला कुलूप लागलं, आणि लागलं ते नेमकं तेव्हा. "मी आपली सॉफ्टवेअरवाली," मी म्हटलं, "मला यातलं खरंच काही कळत नाही ग. डॉक्टरला कळेल. थांब, मी चहा करते."

"गेनाऊ," ती म्हणाली. म्हणजे 'अगदी बरोबर'. माझ्या बोलण्यात बरोबर म्हणण्यासारखं काय होतं, मला समजलं नाही. चहा मात्र तिनं पूर्ण संपवला. ती गेल्यावर सासूबाई दाराकडं बघत म्हणाल्या, "पोरीचा चेहरा उतरलाय. ताकद कमी पडतेय तिला." मी हो म्हटलं आणि भांडी घासायला घेतली. मला माझी लाज वाटत होती.

दोन दिवसांनी डॉक्टर काय म्हणाला विचारलं, तर "गुट, गुट," म्हणजे 'छान, छान' म्हणून ती हसली. आणि खरोखरच ती खुशीत दिसायला लागली. सकाळचं दूध घ्यायला आली की आधीपेक्षा जास्त वेळ बसायची. जिन्यात शिट्टी वाजवायची. सासूबाईंना ती तिकडची गाणी म्हणून दाखवायची आणि सासूबाई तिला आरती शिकवायच्या. मी मनाची समजूत घातली, की माझी रेघ चुकली असेल. कॉम्प्युटर चुकतो, मी तर माणूस आहे. मे लागला, तशी ती एका सकाळी म्हणाली, "या रविवारी हंगामातला शेवटचा सामना आहे, आमच्याच मैदानावर. तुम्ही सगळे या. मी जर्सी घालून मैदानात असेन."

सासूबाईंच्या परतीच्या विमानाला चार दिवस राहिले होते. त्यांना आनंदानं काय करू नि काय नको झालं. रविवारी सकाळी खालची दूध प्यायला आली तेव्हा त्यांनी तिच्या तळहातावर दहीसाखर घातली, चाटायला लावली, डोक्यावरून हात फिरवला आणि शिट्टीसुद्धा वाजवली. आजोबांनी खालून भिंत ठोकली. रविवार होता ना.

ती गेली. मी मागचं आवरायला घेतलं, आणि ओट्यावर मसाल्याच्या डब्यामागं मला खसखशीचं पाकीट दिसलं. जवळजवळ रिकामं.

"अहो आई, ही खसखस कशात संपली?"

"दुधात," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "ती सीडी घेऊन आली ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज चमचाभर वाटून. अगं, नुसत्या हळदीनं काय होणार? बघितलंस ना कशी तरतरीत झाली!"

"आई! तिला चालत नाही! तपासणीत अफू दिसते!"

"लाडवातली चालत नाही म्हणालीस. दुधातली वाटून गाळून घेते मी."

मी फोन लावला, तिचा बंद. सामन्याच्या दिवशी ती बंदच ठेवते. सामना दोनला, आत्ता साडेअकरा. सामना खेळली, तपासणी झाली, तर वर्षभराच्या मेहनतीवर आमच्या पाट्यावरवंट्यानं पाणी पडणार होतं. सुनेच्या खोटेपणानंतर आता सासूची खसखस. एका घरानं एका गुडघ्याचं किती वाटोळं करावं!

रविवारी आमच्याकडं बस तासानं येते. मी सायकल काढली. सासूबाई "मी येणार, चूक माझी आहे" म्हणून मागच्या कॅरिअरवर बसल्या, नवरा दुसऱ्या सायकलवर. मोठ्या माणसाला कॅरिअरवर बसवणं इथं नियमात बसत नाही, हे वाटेत आम्हाला तीन वेगवेगळ्या आजींनी थांबवून सांगितलं. तिसऱ्या आजींना सासूबाईंनी मागूनच नमस्कार केला. स्टेशनवर पोचलो तर रुळांचं काम, गाडी रद्द, त्याऐवजी बदली बस. बदली बस प्रत्येक खेड्यातल्या प्रत्येक चर्चला प्रदक्षिणा घालत निघाली. सासूबाई सबंध रस्ता पदर नसलेल्या ओढणीचं टोक पिळत बसल्या होत्या. "पोरीनं सांगितलं होतं गं मला," त्या एकदाच म्हणाल्या, "शिस्त सांगितली होती. आणि मीच मोडली." खेळाच्या बाईंना मी पहिल्यांदा रडकुंडीला आलेलं बघितलं, आणि माझ्या पोटातली सीडी आणखी जड झाली.

मैदानावर पोचलो तेव्हा दोन्ही संघ अंग गरम करत होते. ढोल वाजत होते. मी कुंपणाशी उभी राहून हाका मारल्या, हात हलवले, नवऱ्यानं छत्री हलवली. कुणाचं लक्ष नाही. मग सासूबाईंनी पर्स उघडली.

ती शिट्टी साडेतीनशे मुलींना एका रांगेत उभं करण्यासाठी घेतलेली होती. दोन्ही संघ जागच्या जागी थांबले. ढोल थांबले. पंचांनी स्वतःच्या शिट्टीकडं बघितलं. सगळं मैदान आमच्याकडं वळलं, आणि त्यातून जर्सी घातलेली खालची हसत हसत कुंपणाकडं चालत आली.

मी एका दमात सगळं ओकले. दूध, खसखस, रोज चमचाभर, तीन आठवडे, खेळू नकोस, कोचला सांग, चूक आमची. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पहिल्या घोटालाच कळलं. मोनची चव मला कळत नाही का? हातातला मग मी खाली ठेवणार होते. मग म्हटलं, कशासाठी? आणि पिऊन टाकलं." ती कुंपणावर कोपर टेकून उभी राहिली. "संपलं माझं करिअर. तुमच्या स्वयंपाकघरात, सकाळी साडेसातला. आज माझं नाव यादीत नाही. आज मला फुलं देणार आहेत."

"पण डॉक्टरनं तर त्यानंतर..."

"डॉक्टरनं नंतर सांगितलं. तू त्या दुधाच्या आदल्या संध्याकाळीच सांगितलंस. तुमच्या घरात चहा तुझा नवरा करतो. त्या संध्याकाळी तू उठलीस."

मी रडायला लागले आणि त्याच वेळी मला हसूही यायला लागलं, कारण ती पुढं म्हणाली, "आणि तो चहा फार वाईट होता." नवरा म्हणाला, "हो, गेनाऊ." तेवढ्यात त्याला मला चिमटा काढायचं मात्र सुचलं.

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

तिनं सासूबाईंकडं बघितलं. "क्लबात सगळ्यांना माहीत होतं. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. जगात एकच बाई उरली होती जी मला रोज सकाळी सामन्यासाठी तयार करत होती. मला ते आणखी थोडे दिवस हवं होतं."

हे सासूबाईंना मराठीत सांगायचं काम माझ्यावर आलं. या खेपेला मी काही लपवलं नाही. सीडीचंही सांगितलं, माझ्या खोट्याचंही. सासूबाई माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्या तिलाच म्हणाल्या, मराठीत, आणि मी शब्दाला शब्द देत गेले:

"मी पण डावा कोपरा खेळायचे. एकोणिसाव्या वर्षी एक सामना झाला, घरी आले, तर बैठक ठरलेली. लग्न झालं. माझी शेवटची पकड कुठली, कुणाची, मला आठवत नाही. कारण ती शेवटची आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुला माहीत आहे ना? मग चल. नीट कर. लक्षात राहील अशी."

फुलं झाली. माइकवरून तिचं नाव घेतलं, त्यांनाही ते नीट म्हणता आलं नाही. मग तिनं पिशवीतून आपला लाडवांचा डबा काढला, एक लाडू अख्खा तोंडात घातला आणि बाकीचे संघात वाटले, खेळणाऱ्यांना "सामना संपल्यावर!" असा दम देऊन. तोंड भरलेलंच होतं, तशीच ती मैदानाच्या कडेला, डावीकडं, चांगला गुडघा गवतावर टेकून बसली. पांढरी रेघ तिथं आयतीच होती. आजोबांना ती आवडली असती.

सासूबाईंनी ओढणी कमरेला बांधली, रेषेला हात लावून कपाळाला लावला आणि आत शिरल्या. कबड्डी कबड्डी कबड्डी. दोन्ही संघ गोल करून उभे. त्या डावीकडं झुकल्या, उजवीकडं झुकल्या, तिच्या खांद्याला टपली मारली आणि रेषेकडं पळाल्या. खालचीनं अंग झोकून दिलं. तिच्या दोन्ही हातांत या वेळी गवत नव्हतं, माझा पांढरा बूट होता आणि बुटात सासूबाईंचा घोटा. सासूबाई रेषेपासून वीतभर अंतरावर पालथ्या पडल्या, हात पुढं ताणलेला, आणि दम संपेपर्यंत, अगदी आवाजाची शिट्टी होईपर्यंत, कबड्डी म्हणत राहिल्या. तिनं घोटा सोडला नाही. दम संपल्यावरही बराच वेळ सोडला नाही, आणि सासूबाईंनीही पाय ओढून घेतला नाही.

आता हा किस्सा सांगताना नवरा म्हणतो, की आईनं मुद्दाम हात आखडता घेतला, नाहीतर ती रेषेला सहज पोचली असती. सासूबाई रत्नागिरीहून फोनवर हे ऐकतात आणि त्याला खोटारडा म्हणतात.